परीक्षा, प्रदर्शन आणि प्रेक्षक : बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेतील दर्शनव्यवहार

मे २००७ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखेत जे घडले, त्याची चर्चा प्रामुख्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या परिभाषेत झाली. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवर आक्षेप घेत बाहेरची काही मंडळी विद्याशाखेत शिरली. धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली विद्यार्थ्याला अटक झाली आणि विद्यापीठ प्रशासन त्याच्या पाठीशी उभे राहिले नाही. या विद्यार्थ्याच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद पुढे आले, त्यांपैकी एकाकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. तो युक्तिवाद असा, की भिंतीवर मांडलेले ते काम हे प्रदर्शन नव्हतेच. ती परीक्षा होती. परीक्षकांसाठी केलेल्या मांडणीला जाहीर प्रदर्शनाचे निकष लावणे गैर आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद उपयुक्त होता, यात शंका नाही. उत्तरपत्रिका ही जशी परीक्षार्थी आणि परीक्षक यांच्यामधील गोष्ट, तशीच ही मांडणी. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता तो अर्धाच खरा ठरतो. परीक्षा, प्रदर्शन आणि लोकांसाठी योजलेले उपक्रम यांच्यामध्ये रेषा न आखणे हेच या विद्याशाखेचे अर्धशतकाचे वैशिष्ट्य होते. ज्या मोकळेपणातून बडोद्याचे कलाशिक्षण घडले, त्याच मोकळेपणाला संकटसमयी नाकारावे लागावे, हा या घटनेतील खरा पेच आहे. तो समजून घ्यायचा तर विद्याशाखेच्या स्थापनेपर्यंत मागे जाणे अगत्याचे ठरते.

विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. हंसा मेहता कुलगुरू होत्या, मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता. चित्रकला विभाग ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे आणि शिल्पकला विभाग शंखो चौधुरी यांच्याकडे होता. १९५१ मध्ये के. जी. सुब्रमण्यन येऊन मिळाले. कलाशिक्षण विद्यापीठाच्या चौकटीत, पदवीच्या स्वरूपात आणि कलेतिहासाच्या अध्ययनासह देण्याची कल्पना त्या काळी आपल्याकडे नवी होती. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ पासून चालू असली, तरी तिची घडण शासकीय शाळेची होती. मुंबईतील कलाकृतीचे सार्वजनिक जीवन शाळेबाहेर, १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात सुरू होई. तेथे पदके होती, निवड समिती होती, चित्राखाली किंमत होती. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उघडल्यावर या व्यवहाराला कायमची वास्तू लाभली. या व्यवस्थेत विद्यार्थी शिकतो एकीकडे आणि पाहिला जातो दुसरीकडे. मधल्या काळात तो ‘तयार’ होत असतो.

बेंद्रे स्वतः याच व्यवस्थेतून पुढे आले होते. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना १९४१ मध्ये मिळाले होते. म्हणूनच बडोद्यात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे घडवले ते लक्षणीय ठरते. शिक्षकाने स्वतःचे काम विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत करावे, विद्यार्थ्याने आपले अपुरे कामही इतरांसमोर मांडावे, हा तेथील शिरस्ता झाला. १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रूप’ने मुंबईत प्रदर्शन भरवले, तेव्हा शिक्षक आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण यांची चित्रे शेजारी शेजारी लागली. मराठी कलासमीक्षेने बेंद्रे यांच्या रंगयोजनेविषयी बरेच लिहिले आहे. १९६६ मध्ये विद्याशाखा सोडेपर्यंत अध्यापक आणि पुढे अधिष्ठाता या नात्याने त्यांनी पाहण्याच्या ज्या सवयी रुजवल्या, त्यांच्याविषयी मात्र ती फारशी बोलत नाही. चित्रकाराचे कर्तृत्व चौकटीच्या आत शोधायचे, ही आपली जुनी खोड आहे.

अर्थात बडोद्याची भूमी कोरी नव्हती. सयाजीराव गायकवाडांच्या काळात येथे १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले होते. दादासाहेब फाळके तेथेच काही काळ शिकले. १८९४ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. संस्थानी आश्रयाने येथे एक प्रेक्षकवर्ग निर्माण केला होता. पण हा प्रेक्षक पूर्ण झालेल्या, मान्यता पावलेल्या वस्तूंसमोर उभा राहणारा होता. संग्रहालयाचा प्रेक्षक आणि विद्यापीठाचा प्रेक्षक यांत जो भेद आहे तो येथे महत्त्वाचा. पहिल्यासमोर निवाडा होऊन गेलेला असतो. दुसऱ्यासमोर तो अजून व्हायचा असतो. साहित्यव्यवहारात हस्तलिखित वाचणारा आणि छापील पुस्तक वाचणारा यांच्या जबाबदाऱ्या जशा वेगळ्या, तसेच हे म्हणता येईल.

१९६१ पासून भरू लागलेल्या ‘फाइन आर्ट्‌स फेअर’मध्ये हा दुसरा प्रेक्षक सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात काम करून बडोद्याला परतले होते. कलावंत आणि कारागीर हा भेद त्यांना मान्य नव्हताच. हातमागाच्या अनुभवाने त्या अमान्यतेला प्रत्यक्षाचे बळ दिले. मेळ्यासाठी शिक्षक आणि विद्यार्थी मिळून लाकडाची आणि मण्यांची खेळणी, मातीची भांडी, छापील कापड, मुलांसाठी सचित्र पुस्तके तयार करीत आणि ती माफक किमतीत विकली जात. सुब्रमण्यन यांची खेळण्यांतील जनावरे आज संग्राहकांच्या कपाटांत गेली आहेत, हा काळाचा विनोद म्हणायचा. त्या वेळी ती बडोद्यातल्या कुटुंबांच्या घरांत जावीत, हाच हेतू होता.

या मेळ्याकडे हौशी उपक्रम म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. ती चुकीची आहे. दालनात कलाकृतीभोवती जी शांतता राखली जाते, ती शांतताही एक प्रकारचे चिन्ह असते. ‘हे हाताळू नका, हे समजून घ्या’ असे ती सांगत असते. मेळ्याने हे चिन्ह बाजूला ठेवले. वस्तू उचलून पाहता येत होती, तिची घासाघीसही करता येत होती. कलेच्या स्वायत्ततेचा आधुनिकतावादी आग्रह ज्या संस्थेत वर्गात शिकवला जात होता, त्याच संस्थेच्या आवारात त्या आग्रहाला सैल करणारा बाजार भरत होता. नवरात्रात विद्याशाखेच्या गरब्याला शहरातील माणसे येत, हेही याच परंपरेत पाहिले पाहिजे. शहराचा या आवारात येण्याचा हक्क कोणी लेखी दिला नव्हता. तो वहिवाटीने निर्माण झाला होता.

सत्तरीच्या उंबरठ्यावर या दर्शनव्यवहाराला मुद्रणाची जोड मिळाली. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात बडोद्याहून ‘वृश्चिक’ हे लहान नियतकालिक काढले. कविता, रेखाटने आणि वादविवाद यांना त्याने जागा दिली. ललित कला अकादमीच्या कारभाराविरुद्धच्या कलावंतांच्या आंदोलनाचे ते मुखपत्र बनले. ते विद्यापीठाचे प्रकाशन नव्हते, आणि तरीही विद्यापीठाच्या आवाराबाहेर त्याची कल्पना करता येत नाही.

पुढे बडोद्याशी जवळून संबंधित असलेल्या चित्रकारांनी मानवाकृती आणि कथन यांकडे चित्र वळवले. १९८१ मध्ये मुंबई आणि दिल्ली येथे भरलेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात शेख, खख्खर, विवान सुंदरम, नलिनी मालानी, जोगेन चौधुरी आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे होती. गीता कपूर यांच्या लेखाने या भूमिकेला सैद्धान्तिक आधार दिला. ऐंशीच्या दशकात कथनात्मक चित्र म्हणजे बडोदा, असे समीकरण रूढ होऊ लागले.

या पार्श्वभूमीवर मार्च १९८७ मधले ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ हे प्रदर्शन पाहावे लागते. ते भरवणारे तरुण बहुतांशी केरळचे होते. त्रिवेंद्रमच्या कलामहाविद्यालयातील विद्यार्थी चळवळीची पार्श्वभूमी त्यांना होती. के. पी. कृष्णकुमार हे त्यांचे अग्रणी, आणि बडोद्यात कलासमीक्षा शिकलेल्या अनिता दुबे यांनी लिहिलेला जाहीरनामा ही त्यांची वैचारिक बाजू. पुढे ही मंडळी ‘इंडियन रॅडिकल पेंटर्स अँड स्कल्प्टर्स असोसिएशन’ या नावाने ओळखली गेली. कलाबाजारावर त्यांचा रोख होता, तसाच कथनात्मक चित्रकारांवरही होता. सामान्य माणसाला चित्रात जागा देऊन त्याच्याशी संवाद होत नाही, उलट त्याचे एक विक्रेय दृश्य तयार होते, अशा आशयाची ही टीका होती. तिच्यातील सूर काही ठिकाणी अन्यायकारक आहे. खख्खर यांच्या चित्रांतील विनोद आणि वेदना त्या सुरात हरवतात. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही टीका बडोद्याच्याच ललित कला विद्याशाखेत, म्हणजे शेख जेथे शिकवत होते त्याच संस्थेत मांडली गेली. घराच्या कर्त्यांवरील आरोपपत्र घराच्याच भिंतीवर लागले आणि ते काढले गेले नाही.

व्यापारी दालनात हे घडणे अवघड होते. तेथे भिंतीचे भाडे असते आणि भाड्याबरोबर येणारी सावधगिरी असते. शासकीय अकादमीत ते आणखी अवघड. विद्यापीठीय दालनाची शक्यता नेमकी कशात असते, हे १९८७ च्या या प्रदर्शनाइतके दुसऱ्या कशानेही सिद्ध होत नाही. मात्र त्याची मर्यादाही येथेच दिसते. ज्या कष्टकरी प्रेक्षकाच्या नावे जाहीरनामा बोलत होता, त्याच्यापर्यंत तो पोहोचल्याची खूण सापडत नाही. मेळ्याला येणारे शहर या प्रदर्शनाच्या वादात सहभागी नव्हते. गटाने पुढे केरळात जाऊन काम केले, ते बहुधा ही त्रुटी ओळखूनच. डिसेंबर १९८९ मध्ये कृष्णकुमार यांनी आत्महत्या केली आणि गट विसर्जित झाला.

नव्वदनंतर कलाबाजार वाढला, आणि वार्षिक मांडणी पाहायला येणाऱ्यांत दालनचालक आणि संग्राहकही दिसू लागले. परीक्षेची भिंत आता तीन वेगळ्या नजरांना सामोरी जात होती : परीक्षकाची, खरेदीदाराची आणि शहराची. २००७ मध्ये चौथी नजर आली. मराठीत ‘प्रदर्शन’ या शब्दाला मिरवण्याचीही छटा आहे. या नजरेने तीच तेवढी ग्रहण केली. विद्याशाखेला शहराविषयी वाटणारा विश्वास हा मेळ्यांच्या काळात कमावलेला होता. तो विश्वास जपण्यासाठी लागणारे उपक्रम दरम्यान क्षीण झाले होते आणि वहिवाट तेवढी शिल्लक होती. म्हणून ‘ही तर परीक्षा होती’ असे म्हणणे भाग पडले. २०२२ मध्ये तर वादाला भिंतीचीही आवश्यकता उरली नाही. बलात्काराच्या बातम्यांच्या कात्रणांतून देवदेवतांच्या आकृती घडवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या कामाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली, आणि विद्यापीठाने त्याला काढून टाकण्याचा निर्णय घेतला.

२००७ च्या विद्यार्थ्यांनी मात्र दुसरे उत्तर देऊन पाहिले होते. अटकेनंतर दोनच दिवसांत त्यांनी कलेतिहास विभागाच्या संग्रहातील प्रतिमा वापरून भारतीय कलापरंपरेतील शृंगारविषयक शिल्पे आणि चित्रे यांचे प्रदर्शन विद्याशाखेत मांडले. परीक्षेचा आडपडदा न घेता, ‘हे प्रदर्शनच आहे, या आणि पाहा’ असे त्यांचे म्हणणे होते. प्रशासनाने ते बंद करण्याचा आदेश दिला. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी तो मानण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना निलंबित करण्यात आले, प्रदर्शन उतरवले गेले आणि विभागाच्या संग्रहाला सील ठोकण्यात आले. आत राहिल्या त्या प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या वर्गात शिकवल्या जात होत्या.