उंदीर पाळणारी माणसे

उंदीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? कुरतडलेले पोते, कणगीला पडलेले भोक आणि पेटीतल्या लुगड्याची झालेली चाळण. माणसाने शेती केली, धान्य साठवले, त्या धान्यामागे उंदीर आला आणि उंदरामागे मांजर व साप आले. हा क्रम हजारो वर्षांचा आहे. तेव्हा उंदराला हाकलणारा माणूस आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. परंतु त्याच उंदराला पेटीत ठेवून, दाणापाणी देऊन, त्याची वीण मुद्दाम वाढवणारा माणूस? तोही इतिहासात आहे. आज पाश्चात्त्य देशांत पाळलेल्या सापांना खाऊ घालण्यासाठी कितीतरी लोक घरीच उंदरांची पैदास करतात. ऐकून कुणाला हसू येईल, कुणाला शिसारी येईल. पण या धंद्याची कुळकथा मोठी बोधप्रद आहे, आणि तिचा शेवट आपल्या बांधापर्यंत येऊन पोचतो.

पहिला मुक्काम जपानात. अठराव्या शतकात तिथे रंगीबेरंगी उंदीर पाळण्याचा शौक शहरी लोकांत पसरला होता. १७७५ साली घुशीएवढ्या मोठ्या उंदरांच्या पालनावर एक पुस्तक निघाले आणि १७८७ साली लहान उंदरांवर दुसरे. पांढरा, ठिपक्यांचा, काळ्या डोळ्यांचा असा उंदीर हवा असेल तर कोणती जोडी लावावी, याची कृती त्यात दिलेली होती. आनुवंशिकतेचे नियम सांगणारा मेंडेल जन्मायला अजून पस्तीस वर्षे अवकाश होता, हे लक्षात घ्या. शास्त्र नंतर आले. हौशी माणसाची नजर आणि त्याची नोंद आधी आली.

दुसरा मुक्काम लंडन. १८३५ च्या कायद्याने तिथे बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ बंद झाला, परंतु उंदरांवर कुत्रे सोडण्याचा खेळ गुत्त्यांतून चालूच राहिला. मोठ्या हौदात उंदीर सोडायचे, वर कुत्रा सोडायचा आणि किती वेळात किती मारतो यावर पैजा लावायच्या! या खेळाला उंदीर पुरवणाऱ्यांत जॅक ब्लॅक नावाचा इसम होता. आपण व्हिक्टोरिया राणीचे उंदीर मारणारे आहोत असे तो मिरवीत असे. हेन्री मेह्यू या लेखकाने त्याची मुलाखत लिहून ठेवली आहे. उंदीर पकडता पकडता एखादा निराळ्या रंगाचा सापडला की ब्लॅक तो मारीत नसे. पाळी, त्याची वीण वाढवी आणि ती पिले हौशी लोकांना विकी. म्हणजे गंमत बघा, उंदीर मारणे हाच ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, तोच उंदीर पाळणाराही झाला. पुढे १८९५ साली इंग्लंडात उंदीर पाळणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था निघाली आणि उंदरांची रीतसर प्रदर्शने भरू लागली.

तिसरा मुक्काम शिक्षकबंधूंनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी नावाचे खेडे आहे. अ‍ॅबी लेथ्रप नावाच्या बाई १९०० साली तिथे येऊन राहिल्या. मूळच्या शाळामास्तरीण. प्रकृती साथ देईना म्हणून शिकवणे सोडले. कोंबड्या पाळून पाहिल्या, तो धंदा बुडाला. मग त्यांनी हौशी लोकांना विकण्यासाठी उंदरांची एक जोडी आणली. आता उंदरांचा हिशेब कसा असतो पाहा. मादी विते ती सुमारे वीस दिवसांनी. एका वेळी सहा ते आठ पिले. तीन आठवड्यांत पिले आईपासून सुटतात आणि दीड-दोन महिन्यांत ती स्वतःच आईबाप होतात. बाईंच्या कोठारात एके काळी अकरा हजारांवर उंदीर होते. पिंजरे साफ करायला गावातली पोरे येत, त्यांना तासाला सात सेंट मजुरी मिळे.

हळूहळू गिऱ्हाईक बदलले. हौशी लोकांच्या जोडीला शास्त्रज्ञ उंदीर मागू लागले; हार्वर्डच्या विल्यम कॅसलने १९०२ पासून त्यांच्याकडून उंदीर घेतले. आणि १९०८ च्या सुमारास बाईंना काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या. दुसरा एखादा असता तर रोगट उंदीर फेकून मोकळा झाला असता. बाईंनी ते तज्ज्ञांकडे पाठवले. गाठी कर्करोगाच्या निघाल्या. कोणती मादी कोणत्या वंशातली, किती वेळा व्याली, गाठ कधी दिसली, हे सारे बाईंच्या वह्यांत टिपलेले होतेच. डॉक्टर लिओ लोब यांच्याबरोबर त्यांनी १९१३ ते १९१९ या काळात दहा निबंध प्रसिद्ध केले. त्यांतले शेवटचे तर बाईंच्या मृत्यूनंतर निघाले, कारण १९१८ साली त्या वारल्या. त्यांच्याच उंदरांपासून क्लॅरेन्स लिटल याने १९२१ साली जो काळा वंश तयार केला, त्याच वंशाच्या उंदराचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००२ साली जगापुढे आला. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. एक कोठार आणि एक वही!

आता सापांकडे वळू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत व युरोपात साप पाळण्याची हौस वाढली. आफ्रिकेतला छोटा अजगर, अमेरिकेतलाच कॉर्न स्नेक असे बिनविषारी साप लोक काचेच्या पेटीत ठेवू लागले. सापाला भाकरतुकडा चालत नाही, दूधही त्याचे अन्न नव्हे. त्याला हाडामांसासकट अख्खे भक्ष्य लागते. रोज उंदीर विकत आणणे महाग पडे, म्हणून पुष्कळांनी घरीच पैदास सुरू केली. एका पेटीत एक नर, दोन-तीन माद्या, खाली लाकडाचा भुसा, वर पाण्याची बाटली. सापाच्या जाडीप्रमाणे भक्ष्य द्यायचे: लहान सापाला अंगावर लव न आलेली पिले, मोठ्याला वाढलेला उंदीर. जिवंत उंदीर उलट सापालाच चावून जखमी करतो, म्हणून जाणकार मारून गोठवलेला उंदीर ऊब देऊन घालतात.

इथपर्यंत हा घरगुती उद्योग साधा वाटतो. पण एक घास म्हणून वाढवलेला जीवही जीवच असतो. त्याला कोंडले की त्याच्या पाण्याची, स्वच्छतेची आणि विनायातना मरणाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते. आणि ती टाळली तर उंदीर आपला हिशेब चुकता करतो. २०१० साली अमेरिकेत गोठवलेल्या उंदरांमधून साल्मोनेला जंतूंची बाधा माणसांना झाली. २०१७ साली तर घरगुती पैदासकारांच्या उंदरांत सोल विषाणू सापडला. उंदरांना त्याचे काही वाटत नाही, माणसाला मात्र ताप येतो, क्वचित मूत्रपिंडे निकामी होतात. अकरा राज्यांतल्या एकतीस ठिकाणी तो आढळला, सतरा माणसांना लागण झाली. कोणाचा उंदीर कोणाकडे गेला, हा माग अधिकाऱ्यांना घराघरांतून काढावा लागला. अशा वेळी लेथ्रपबाईंच्या वहीची किंमत कळते, नाही का?

उंदरामागून रोग येतो हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहिली. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवले. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे, तिथेच पुढे सर्पविषावरचा उताराही तयार होऊ लागला. उंदराचा रोग आणि सापाचे विष, दोहोंवरचे औषध एकाच छताखाली!

आता कोणी तरुण म्हणेल, ‘आपणही एखादा साप पाळावा की!’ तर बाबा रे, थांब. आपल्या रानातला साप धरून घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि गरज तरी काय? परदेशी हौशी माणूस सापासाठी उंदीर पैदा करतो; आपल्या शेतात उंदीर आयते आहेत आणि त्यांना खाणारी धामणही आयती आहे. ती पगार मागत नाही, दाणा मागत नाही. पण दिसली की आपण काठी उचलतो, आणि मग हंगामात उंदरांच्या नावाने बोटे मोडतो.

नाग, घोणस, मण्यार, फुरसे यांच्यापासून जपलेच पाहिजे, यात शंका नाही. त्याला उपाय आहे. घरालगतची बिळे बुजवा, धान्य झाकून ठेवा, सरपण भिंतीला लावून रचू नका, रात्री कंदील किंवा बॅटरी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. दंश झालाच तर मांत्रिकाकडे एक क्षणही न घालवता दवाखाना गाठा. घरात उंदीर नसला, तर त्याच्या मागावर साप घरात येणार नाही. आणि बांधावरच्या धामणीला बांधावरच राहू द्या.

गुरुजनांना एकच विनंती. पुढल्या हंगामात वर्गातल्या मुलांना एक वही करायला सांगा: कोणाच्या शेतात उंदरांची किती बिळे दिसली, धामण कुठे दिसली, पिकाचे नुकसान कुठे जास्त झाले. दोन-तीन वर्षांची अशी नोंद जमली, की साप मारावा की राखावा हे मुलेच घरी वडिलांना सांगतील.