वळचणीवरच्या दीपमाळा

अमेरिकेतील एखाद्या निवासी वस्तीतून डिसेंबरच्या सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास घराघरांच्या वळचणीवरून, आढ्यावरून आणि ओसरीच्या कठड्यांवरून ओळीने लावलेले रंगीत दिवे दिसू लागले, म्हणजे ही वहिवाट नाताळच्या सणाइतकीच पुरातन असावी असा त्याचा सहज समज होतो. परंतु इतिहासाच्या कसोटीस तो उतरत नाही. घराच्या बाह्यांगावर विजेच्या दिव्यांची आरास करण्याची प्रथा सर्वसामान्यांत रूढ होऊन फार तर शंभर वर्षे झाली असतील, आणि ती रूढ होण्यास धर्माज्ञेपेक्षा वीज विकणाऱ्या कारखानदारांची निकड अधिक कारण झाली. असे असूनही ती त्या कारखानदारांची राहिली नाही, गृहस्थांची झाली. तिच्या इतिहासातील हेच प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते.

आरंभ झाला तो न्यू जर्सी संस्थानातील मेन्लो पार्क या लहानशा वस्तीत. तेथील प्रयोगशाळेत थॉमस अल्वा एडिसन यांनी १८७९ सालच्या अखेरच्या रात्री आपल्या दिव्यांचे जाहीर प्रदर्शन केले, आणि पुढील वर्षीच्या नाताळात त्यांनी प्रयोगशाळेभोवती दिव्यांच्या माळा लावल्या व जवळून जाणाऱ्या आगगाडीतील उतारूंना त्या दिसल्या, असे सांगितले जाते. त्यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्याविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. न्यू यॉर्क शहरात एडिसन यांचे पर्ल स्ट्रीटवरील वीजगृह सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते, अशा वेळी, २२ डिसेंबर १८८२ रोजी, जॉन्सन यांनी आपल्या राहत्या घरी तांबड्या, पांढऱ्या व निळ्या अशा ८० दिव्यांनी नाताळचे झाड सजवून ते विजेच्याच बळावर फिरते ठेवले, आणि डेट्रॉइटच्या एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने त्याचे वर्णन लिहून ठेवले. तोवर झाडावर मेणबत्त्या लावण्याचा जर्मन शिरस्ता सर्वत्र चालू होता, आणि त्या पेटवताना पाण्याची बादली हाताशी ठेवावी लागे.

तथापि श्रीमंताच्या दिवाणखान्यातील हे कौतुक सामान्य घराच्या छपरापर्यंत पोहोचण्यास चार दशके लागली. १९०३ च्या सुमारास तयार माळा बाजारात आल्या खऱ्या, पण २४ दिव्यांच्या माळेस १२ डॉलर पडत, आणि मजुराची आठवड्याची मिळकत सुमारे तेवढीच होती. शिवाय बहुसंख्य घरांत वीजच नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. वीजगृहांचे जाळे पसरले, आणि ज्यांच्या घरी वीज पोहोचली होती त्यांनी ती अधिक वापरावी, ही कंपन्यांची मुख्य चिंता झाली. राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी २४ डिसेंबर १९२३ रोजी कळ दाबून व्हाइट हाउसनजीकच्या मैदानात व्हरमाँटहून आणलेले ४८ फूट उंचीचे झाड २,५०० दिव्यांनी उजळले, तो प्रसंग आज राष्ट्रीय परंपरेचा आरंभ मानला जातो. परंतु त्या समारंभास हातभार लावणाऱ्यांत विजेचा खप वाढवण्यासाठी स्थापन झालेली व्यापारी संस्था होती, हेही विसरता येत नाही. त्याच दशकात वीज कंपन्यांनी गावोगावी घरांच्या रोषणाईच्या स्पर्धा भरवण्यास उत्तेजन दिले. शेजाऱ्याचे छप्पर उजळले की आपलेही उजळावे, ही मनुष्यस्वभावातील ओढ कंपन्यांनी अचूक हेरली होती.

कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथील सांता रोझा अव्हेन्यू या रस्त्याची रोषणाई याच काळातली. वुडबरी बंधूंनी १८८० च्या दशकात इटलीहून मागवलेल्या बियांपासून तेथे दुतर्फा देवदार वाढवले होते. आपल्या हिमालयाचा तो वृक्ष परदेशच्या मातीत उंच झाल्यावर, १९२० साली फ्रेडरिक नॅश या पॅसाडेना येथील दुकानदाराच्या पुढाकाराने त्यावर दिवे चढले, आणि सुमारे पाऊण मैलाची ती रांग स्वयंसेवकांच्या हातांनी उजळण्याची रीत पडली. व्यापाऱ्याने सुचवलेली गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपली कशी केली, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

वळचणीवरील रोषणाईस खरा आधार दिला तो मात्र जोडणीतील एका सुधारणेने. जुन्या माळेत आठ दिवे एकसर जोडलेले असत व प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १५ व्होल्ट येत. त्यांतील एक गेला की आठही विझत, आणि मग थंडीवाऱ्यात शिडीवर उभे राहून एकेक दिवा बदलून दोषी कोणता ते शोधावे लागे. पुढे समांतर जोडणीचे, बाहेरच्या हवेत टिकणारे मोठे दिवे आले. त्यांतील सी-नाइन जातीचा, नऊ अष्टमांश इंच व्यासाचा, ज्योतीच्या आकाराचा दिवा तर छपराच्या कडेचा जणू अधिकृत दिवा ठरला. एकाने मान टाकली तरी बाकीची ओळ तेवत राही, आणि याच खात्रीवर गृहस्थ आखणीस बसू लागला. ही आखणी म्हणजे साधासुधा हिशेब नव्हे. प्रथम फितीने पुढची वळचण मोजावयाची. ती ६० फूट भरली, तर फुटास एक या प्रमाणात ६० दिवे, प्रत्येकी ७ वॅट धरून ४२० वॅट. त्यात आढे, दोन्ही बाजूंचे उतार आणि ओसरी मिळवली की आकडा सहज हजारापलीकडे जातो. १५ अँपिअरच्या एका परिपथावर १,८०० वॅट मावत असले तरी एक पंचमांश भार राखून १,४४० वॅटवरच थांबणे शहाणपणाचे, म्हणून कोणती माळ कोणत्या परिपथावर न्यावयाची याची तजवीज माळ चढवण्यापूर्वीच करावी लागे.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४४ अशी तीन वर्षे राष्ट्रीय झाडही अंधारात राहिले. युद्धोत्तर उपनगरांनी मात्र या प्रथेस हवी तशी जागा दिली. शहरातील उंच, दुमजली घरांच्या जागी बैठी, लांबट, खुज्या छपरांची घरे ओळीने उभी राहिली, त्यांची वळचण साध्या शिडीवरून हाती येई, आणि गृहस्थास गवंड्यासुताराची गरज उरली नाही. पुढे १९७३ च्या तेलटंचाईत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शोभेचे दिवे आवरण्याचे आवाहन केले व कित्येक छपरे त्या साली काळोखी राहिली. पण टंचाई सरताच माळा पुन्हा चढल्या. हुकूम किंवा जाहिरात यांवाचून लोकांनी ज्या गोष्टीकडे आपण होऊन परत यावे, ती त्यांची झालीच म्हणावयाची. अलीकडे एलईडीमुळे विजेचा खर्च नगण्य झाला आहे, आणि पैसे मोजून मक्तेदाराकडून छप्पर सजवून घेण्याची चालही वाढली आहे. तिचे मला वाईट वाटते, कारण या रोषणाईत शिडीवर चढणाऱ्याचा स्वतःचा हात असणे हाच तिचा प्राण आहे.

मेन्लो पार्क ज्या गावाच्या हद्दीत येते त्याने १९५४ साली एडिसन हे नाव धारण केले, आणि आज तेथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. मूळ प्रयोगशाळा तेथे नाही. हेन्री फोर्ड यांनी १९२९ साली तिची पुनर्रचना मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे केली. जुन्या जागी १९३८ साली अर्पण झालेला स्मारकाचा मनोरा आणि एक लहानसे संग्रहालय आहे. त्या परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांनी दिवाळीत घरावर चढवलेल्या माळा नाताळापर्यंत तशाच ठेवाव्यात, आणि एखाद्या संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन तो मनोरा अवश्य पाहून यावा.