पोटात दुखतंय, पण आधी कोणाला बघायचं?

आजचा विषय पोटदुखी. हसू नका, प्रकरण गंभीर आहे.

इमर्जन्सीत एकदम दहा पेशंट आले, तर आधी कोण? या निवडीला ट्रायाज म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक लारे म्हणायचा, हुद्दा बघू नका, जखम बघा. ठीक आहे, पण पोटदुखीत जखम दिसतेच कुठे? गॅस झालेलाही कण्हतो आणि अपेंडिक्स फुटायला आलेलाही.

१९७२ साली इंग्लंडमधल्या लीड्सला डॉ. द डोंबाल यांनी हे काम कॉम्प्युटरला दिलं. ३०४ पेशंट. कॉम्प्युटरचं निदान ९१.८ टक्के बरोबर, टीममधल्या सर्वात सीनियर डॉक्टरचं ७९.६ टक्के. आणि आत होतं काय? एआय वगैरे काही नाही, बेजचं सूत्र! म्हणजे आधीच्या अपेंडिक्सच्या पेशंटपैकी किती जणांचं दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं, किती जणांना उलट्या झाल्या, याची मोजदाद. पुढे १९८६ मध्ये आठ केंद्रांतल्या १६,७३७ पेशंटचा अभ्यास आला. पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेली. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ठरावीक प्रश्नांचा छापील फॉर्म नीट भरायला लावला, तर तेवढ्यानेही डॉक्टरांचं निदान सुधारत होतं.

आता हाच प्रोग्रॅम आपल्या भंडाऱ्यात चालवा. फसेल! लीड्सच्या यादीत सात निदानं होती: अपेंडिक्स, पित्ताशयाची सूज, अल्सर फुटणं वगैरे. सिकलसेल त्यात नव्हताच. आणि आपल्या पूर्व विदर्भात तो घरोघरी ऐकू येणारा शब्द. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं.

या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं दुखतात, पाठ दुखते, पोटही दुखतं, अगदी अपेंडिक्ससारखं. चूक दोन्हीकडून होऊ शकते. क्रायसिस समजून सलाइन लावलं आणि आत अपेंडिक्स फुटलं, हे एक. किंवा क्रायसिसलाच अपेंडिक्स समजून पोट उघडलं, हे दुसरं. आणि सिकलसेलच्या पेशंटला भूल आणि ऑपरेशन इतरांपेक्षा जास्त जोखमीचं असतं.

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ईएसआय या पाच पायऱ्यांच्या पद्धतीत सिकलसेल क्रायसिस दुसऱ्या पायरीवर आहे, म्हणजे थांबवून ठेवायचं नाही. लाखांदूर किंवा तुमसरहून आलेल्या पेशंटला दारातच "सिकलसेलची तपासणी झालीय का?" एवढं विचारायला दहा सेकंद लागतात. लहान मुलांत तर प्लीहेत रक्त साचून काही तासांत हिमोग्लोबिन धाडकन उतरू शकतं. म्हणून अशा बाळाच्या आईला डाव्या बरगडीखाली प्लीहा कशी चाचपायची ते शिकवतात. ती वाढलेली लागली, तर तिने गेटवर तेच आधी सांगायचं. पोटदुखी नंतर.