दोन जामीनदार आणि एक ब्लॉक

१९७८ साली मालाडमधल्या एका घरासाठी ३०,००० रुपयांचं कर्ज मंजूर झालं. घराची किंमत ७०,००० रुपये, व्याज साडेदहा टक्के. हसमुखभाई पारेख यांनी आदल्या वर्षी स्थापन केलेल्या एचडीएफसीचं हे पहिलं गृहकर्ज. उरलेले ४०,००० घेणाऱ्याचे. बरीच रक्कम आधी साठवायची आणि मग कर्ज मागायचं, अशी त्या काळची रीत होती.

ही साठवण ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या घराघरांत चालायची. कल्याणला रेल्वे १८५४ मध्येच आली होती. नोकरदारांची वस्ती मात्र इथे दाटली ती स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत पागडीशिवाय खोली मिळणं अवघड होत गेलं. मग गिरगाव-दादरची खोली सोडायची, हाती आलेल्या पैशांत भर घालायची आणि डोंबिवलीत ‘ब्लॉक’ घ्यायचा, असा हिशोब अनेक कुटुंबांनी केला.

भर घालायची कुठून? पोस्टातलं आरडी, भिशी, भविष्यनिर्वाह निधीतून घरासाठी काढलेली रक्कम, सरकारी नोकरी असेल तर घरबांधणी अग्रिम. तरीही कमी पडलं की बायकोच्या पाटल्या. ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज सहज मिळे, पण त्याचा हप्ता पगारातूनच कापला जाई. हातात येणारा पगार कमी दिसला की बँक गृहकर्जाची रक्कमही कमी करी. म्हणून जाणते लोक आधी पतपेढी फेडत आणि मगच बँकेचा फॉर्म आणत.

बँकही गावातलीच असे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. सहकारी बँकेत कर्जदाराला शेअर घेऊन सभासद व्हावं लागे, आणि सोबत जामीनदार लागत.

“नाना, एक सही हवी होती.” एवढं म्हणायलाही धीर लागायचा. जामीनदार होणाऱ्या नानांना आपलं पगारपत्रक द्यावं लागे आणि समोरच्याचा हप्ता थकला तर वसुली त्यांच्याकडे येऊ शके. उद्या स्वतःच्या मुलाच्या घरासाठी कर्ज काढायचं झालं, तर ही सही आड येण्याची भीतीही असे. तरी नाना सही करत. कितीतरी इमारती अशा सह्यांवर भरल्या.

२००० साली कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलची स्थापना झाली, २००७ पासून ग्राहकांचा स्कोअर बँकांना मिळू लागला. नानांच्या सहीचं काम तीन आकड्यांकडे गेलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च मात्र बहुतेकांना पदरचाच करावा लागतो.

माणसाची तपासणी अशी काटेकोर होत गेली, तरी इमारतीची कागदपत्रं निसटली. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा या गृहनिर्माण नियामकाची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या अनेक कुटुंबांनी बँकेचं कर्ज काढूनच घर घेतलं होतं. पगारपत्रक, फॉर्म सोळा, मार्जिनची रक्कम, त्यांची सगळी तयारी पुरी होती. आता डोंबिवलीत घर बघणाऱ्यांच्या फाइलमध्ये एक काम वाढलं आहे: टोकन देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगीचा क्रमांक पडताळून घेणं.