हिवाळी मोर्चाची कुळकथा

नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की त्यावर मोर्चे येणार, हा आता केवळ लोकांचा हट्ट राहिलेला नसून राज्यकारभाराचाच एक शिरस्ता होऊन बसला आहे. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच एकीकडे रविभवनात आणि आमदार निवासात रंगसफेदीची लगबग सुरू होते, तर दुसरीकडे पोलिसांच्या दफ्तरी परवानगीचे अर्ज येऊन पडू लागतात. आणि कोणी यशवंत स्टेडियमवर जमावे, कोणी चाचा नेहरू बालोद्यानापाशी, कोणी इंदोरा मैदानावर, त्याचप्रमाणे कोणास मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवावे, कोणास टेकडी मार्गावर, कोणास झिरो माईलपाशी, याचा सारा बंदोबस्त आगाऊ मुक्रर होतो. मोर्चांत आरक्षण मागणारे असतात, कापसाचा भाव मागणारे असतात, वेगळा विदर्भ मागणारेही असतात. तथापि ज्यांचा दरमहाचा पैसा सरकारी तिजोरीवर अवलंबून आहे, ज्यांचे वेतन, भत्ता, अनुदान, मानधन अथवा निवृत्तिवेतन काटकसरीच्या कोणत्या ना कोणत्या शासन निर्णयाने अडले, घटले किंवा लांबणीवर पडले, अशांच्या मोर्चाला मी या कुळातील थोरली पाती समजतो, आणि तिचा वंशवृक्ष विधानभवनाच्या इमारतीहून कितीतरी जुना आहे.

पगार थकला की धन्याच्या दाराशी ठाण मांडावयाचे, ही रीत मराठ्यांच्या लष्करात पुरती मुरलेली होती. सन १८०९मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांतून तिकडील दिनचर्या टिपून ठेवली आहे. तीत थकलेल्या रोजमुऱ्यासाठी धरले जाणारे धरणे हा प्रकार त्याला फार चमत्कारिक वाटला. मागणारा दारात बसे, अन्न वर्ज्य करी, आणि जोवर तो उपाशी आहे तोवर आत बसलेल्या देणेकऱ्यालाही जेवणे अवघड होई. या व्यवहारात लज्जा ही दोन्ही पक्षांना सारखीच बाधत होती, आणि धरण्याचे सामर्थ्य त्या लज्जेत होते, हे विसरता कामा नये. इंग्रजी अमलाला असली सामायिक लज्जा परवडणारी नव्हती. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८खाली ईश्वरी कोपाचा धाक घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा अपराध ठरला, आणि त्याचे उदाहरण म्हणून दुसऱ्याच्या दारी धरणे धरून बसलेला मनुष्यच कायदेकारांनी योजिला. धरणे अशा रीतीने फौजदारी कायद्यात जाऊन बसले. परंतु ज्या थकबाकीपोटी ते जन्माला आले होते ती काही कायद्याने फिटत नव्हती.

दुसरा पूर्वज खास नागपूरचा. १९२३च्या एप्रिलमध्ये, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, राष्ट्रीय झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाईन्समध्ये शिरू लागताच अडविली गेली, आणि त्यातून जो झेंडा सत्याग्रह पेटला त्याचे नेतृत्व प्रथम जमनालाल बजाज यांनी आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी केले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत, गोऱ्या साहेबांच्या वसाहतीच्या उंबरठ्यापर्यंत चालत जात आणि तेथे पकडल्या जात. अखेर १८ ऑगस्ट रोजी ती मिरवणूक त्याच मार्गाने पुढे गेली. शहर आणि सिव्हिल लाईन्स यांच्यामध्ये एक अदृश्य वेस आहे, प्रजेने तेथवर यावे आणि सरकारने तेथे तिला थोपवावे, हा नकाशा तेव्हाच आखला गेला. आजच्या पोलिसी कठड्यांच्या जागा पाहिल्या म्हणजे त्या नकाशात फारसा फरक पडलेला नाही, असे वाटते.

त्या वेशीच्या आत बसलेल्या सरकारी नोकरालाही १९३१ साली कपातीची झळ बसली. जागतिक मंदीत महसूल आटल्यामुळे हिंदुस्थान सरकारने नोकरांच्या पगारात १० टक्के घट केली. ती १९३३मध्ये निम्मी उठली आणि १९३५मध्ये पुरती उठली. त्याच सुमारास विलायतेत पगारकपातीच्या बातमीसरशी इन्व्हरगॉर्डन येथे आरमाराच्या खलाशांनी जहाजे हलविण्याचे नाकारले होते. इकडच्या कारकुनाला मात्र सेवाशर्तींच्या बेडीमुळे रस्त्यावर उतरण्याची सोय नव्हती. त्याला वरिष्ठांमार्फत अर्ज करावा आणि उत्तराची वाट पाहावी एवढेच मोकळे होते. आजच्या मोर्चाच्या शेवटी शिष्टमंडळाच्या हातात जे निवेदन असते, त्याची भाषा या अर्जाकडून आलेली आहे. त्यातील ‘सविनय’ आणि ‘न्याय्य’ ही विशेषणे तर त्या काळापासून हललेलीच नाहीत.

धरणे, मिरवणूक आणि अर्ज हे तीन प्रवाह ज्या ठिकाणी एकत्र आले ते ठिकाण निर्माण झाले एका कराराने. २८ सप्टेंबर १९५३ रोजी यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे प्रभृती नेत्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या. मराठी भाषिकांचे एक राज्य झाल्यास नागपूरचे राजधानीपण जाणार हे उघड होते. म्हणून सरकारने दरवर्षी ठराविक काळ आपले बस्तान नागपुरास हलवावे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवावे, असे कलम त्यात घालण्यात आले. १९५६मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि त्याच वर्षी नागपुरात पहिले अधिवेशन भरले. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात विदर्भाची गाऱ्हाणी होती. प्रत्यक्षात मुंबईपासून दूर आणि मैदानांनी समृद्ध अशा या शहरात मंत्रिमंडळ सगळेच्या सगळे एका चौरस मैलात सापडते, ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्रातील येणेकऱ्यांच्या ध्यानात आली, आणि सिंधुदुर्गाचा शिक्षकही लांबच्या प्रवासाने सीताबर्डीवर उतरू लागला.

येथे एक विसंगती आहे, आणि तीच मला या चालीचे मर्म वाटते. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईस मांडला जातो; नागपुरास डिसेंबरात येतात त्या पुरवणी मागण्या. खर्चाची कात्री चालते ती वित्त विभागाच्या कागदावर, गाजावाजा न करता. उदाहरणार्थ ४ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या ऐन मध्यात, विभागांना विकासखर्चाच्या ३३ टक्केच निधी मिळेल आणि नवी भरती बंद राहील, असा निर्णय निघाला तेव्हा मोर्चा काढणे शक्यही नव्हते; शिवाय त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी हिवाळी अधिवेशनच नागपुरास भरले नाही. त्याआधी त्याच वर्षीच्या मार्चचे वेतन पहिल्या हप्त्यात ‘अ’ आणि ‘ब’ वर्गास निम्मे, ‘क’ वर्गास ७५ टक्के द्यावयाचे ठरले, तेव्हा कर्मचाऱ्यांत एवढी खळबळ माजली की ही कपात नसून वेतन दोन टप्प्यांत मिळेल, असा खुलासा सरकारला करावा लागला. कपात मुंबईत होते आणि आश्वासन नागपुरात मिळते. मोर्चेकरी भाबडे आहेत असे मात्र कोणी समजू नये. पुरवणी मागण्यांचा आकडा २०२२च्या डिसेंबरात सुमारे ५२ हजार कोटींवर आणि २०२३मध्ये ५५ हजार कोटींवर गेला होता, आणि मार्चमध्ये न सुटलेली गाठ सुटलीच तर येथेच सुटेल, हे त्यांना पुरते ठाऊक असते.

कायम नोकरांपाशी याहून धारदार हत्यार होते ते संपाचे. १९७७च्या डिसेंबरात र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्य कर्मचाऱ्यांनी पुकारलेला संप ५४ दिवस चालला. मोर्चाचे हत्यार गरिबाचे, आणि ते किती महाग पडू शकते हे २३ नोव्हेंबर १९९४ रोजी दिसले. अनुसूचित जमातींच्या सवलती मागण्यास आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बायका आणि मुले फार. त्यांची मागणी वेतनाची नव्हती, परंतु त्या दिवसापासून प्रत्येक मोर्चाचा बंदोबस्त बदलला, आणि झिरो माईलजवळच्या गोवारी स्मारकाला वळसा घालूनच पुढचे मोर्चे जाऊ लागले.

वेतनाच्या मोर्चाला अलीकडे जे नवे तारुण्य आले ते निवृत्तिवेतनाने. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले; अखेरच्या वेतनाच्या निम्म्याची हमी जाऊन, मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के नोकराने घालावयाचे, सरकारने आपला वाटा घालावयाचा, आणि पुढे बाजार देईल ते घ्यावयाचे, अशी अंशदानाची पद्धत आली. आरंभी कोणी फारसे बोलले नाही, कारण ज्यांचे नुकसान होणार होते ते तेव्हा पंचविशीत होते, कित्येक तर शाळेत होते. पंधरा-सोळा वर्षांनी, हाती येणाऱ्या रकमेचे हिशेब दिसू लागल्यावर, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा पांढऱ्या टोप्यांवर छापली गेली. एकाच शाळेच्या शिक्षकखोलीत, एकाच फळ्यावर, २००५च्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन गुरुजी शिकवितात. पलीकडच्याला म्हातारपणाची चिंता नाही, अलीकडचा मोबाइलवर आपल्या खात्यातील शिल्लक पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. चळवळीची ठिणगी येथे पडली.

२१ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातच, सभागृहात, अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की जुनी योजना आणल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडून राज्य दिवाळखोरीत जाईल. हिशेब म्हणून त्यात तथ्य होते असेच माझे मत आहे. परंतु येणेकऱ्याला तिजोरीचा तळ दाखविणे हे उत्तर कोणत्याही काळी पुरे पडलेले नाही. पुढल्याच महिन्यात नागपूर शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली आणि तीत दोन वेळा निवडून आलेले नागो गाणार यांचा सुधाकर अडबाले यांनी पराभव केला. १४ मार्च २०२३पासून सुमारे १७ लाख कर्मचाऱ्यांनी संप केला, तो २० मार्चला मिटला आणि तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. त्या आठवड्यात जनतेचा दुसरा सूरही ऐकू आला, आणि तो दडपून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल: नोकरीच नसलेली तरुण मुले म्हणत होती की आम्हाला निम्म्या पगारावर घ्या, आम्ही काम करतो. त्यांच्या म्हणण्याला सरकारी नोकरापाशी सरळ उत्तर नव्हते. मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा त्याविरुद्ध सर्वांत तीव्र ओरड या बेरोजगार मुलांचीच होती, आणि २० ऑक्टोबरला तो मागे घ्यावा लागला.

१२ डिसेंबर २०२३ रोजी यशवंत स्टेडियमवर जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रचंड मेळावा भरला. १४ तारखेपासून पुकारलेला संप आश्वासन मिळताच स्थगित झाला. १ मार्च २०२४ रोजी निम्म्या वेतनाच्या हमीची सुधारित योजना जाहीर झाली आणि ऑगस्टअखेर केंद्राच्या एकीकृत योजनेला राज्याच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली. मागितले होते ते पुरते मिळाले नाही, नाकारले होते ते पुरते नाकारले गेले नाही. संघटनांत त्यावरून दोन तट पडले ते आजही सांधलेले नाहीत.

दरम्यान मोर्चाचे मैदान दुसऱ्यांच्या हाती जाऊ लागले आहे. २०२३च्याच डिसेंबरात अंगणवाडी सेविकांचा राज्यव्यापी संप चालू होता. अंगणवाडी सेविका, आशा, अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक यांना वेतन नाही, मानधन आहे किंवा टप्प्याटप्प्याचे अनुदान आहे, आणि म्हणून संप केला तरी त्यांच्या गैरहजेरीने मंत्रालय अडत नाही. त्यांच्यापाशी उरतो तो मोर्चाच. टी-पॉइंटच्या कठड्याशी त्या फतकल मारून बसतात, पिशवीतून पोळी-भाजीची शिदोरी निघते, ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात, आणि पाच जणींचे शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून आत जाते. शिंद्यांच्या छावणीत मागणारा उपाशी असे. येथे तो जेवतो, पण आतल्याचे जेवणही अडत नाही. अधिवेशनेही आखूड झाली आहेत. २०२४चे सहा दिवसांत आटोपले. जागा आणि वेळ कमी पडते म्हणून एकेका दिवसात अनेक मोर्चांना परवानगी द्यावी लागते, आणि आत गेलेल्या पाच जणी बाहेर येईपर्यंत त्यांच्या मागे दुसऱ्या संघटनेचा फलक उभा राहिलेला असतो.