रुंद पडदा, अरुंद फीत



ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थकारण आणि नाट्यकला यांची चर्चा होते, तेथे भिंगांविषयी बोलायला आमच्यासारखा युनियनचा माणूस कसा उभा राहिला, हे आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी कचेरीतले जुने कपाट रिकामे करताना आम्हांला ८ मिलिमीटर फितीची चार रिळे सापडली. एका हौशी फिटरने, जो आज हयात नाही, एका गेटसभेचे चित्रण केले होते. प्रक्षेपकावर रीळ चढवले, तो काय! सगळी माणसे काडीसारखी उंच आणि चिंचोळी. वक्ता म्हणजे नुसता बांबू. कार्यकर्ते म्हणाले, ‘फीत बिघडली आहे, द्या टाकून.’ आम्ही टाकूनच देणार होतो. पण कपाटाच्या तळाशी जुन्या मोज्यात गुंडाळलेले एक जड भिंग निघाले. कुतूहल म्हणून ते प्रक्षेपकासमोर धरले आणि हळूहळू फिरवले. एका विवक्षित जागी आल्यावर माणसे पसरली, अंगापिंडाने भरली, ओळखू येऊ लागली. त्या भिंगाची कुळकथा शोधताना जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

भिंगाचे मूळ पॅरिसला जाते. आंरी क्रेत्यां (जन्म १८७९, मृत्यू १९५६) हा मुळात ज्योतिर्विद. अमेरिकन कारागीर रिची याच्याबरोबर त्याने दुर्बिणीचा जो आराखडा तयार केला, तोच पुढे १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीत वापरला गेला. या गृहस्थाने १९२०च्या दशकात ‘हायपरगोनार’ नावाचे एक भिंग सिद्ध केले. आपले नेहमीचे भिंग गोल पृष्ठाचे असते, म्हणून ते उभे-आडवे सारख्याच प्रमाणात चित्र लहान करते. दंडगोल पृष्ठाच्या भिंगाचे तसे नाही. ते एकाच दिशेने काम करते. अशी दोन भिंगे, एक अंतर्गोल व एक बहिर्गोल, एकामागे एक बसवली की रुंदी दाबली जाते आणि उंची जशीच्या तशी राहते. उलट्या बाजूने पाहिलेली दुर्बीण, पण फक्त आडव्या दिशेपुरती, असे म्हटले तरी चालेल. दाखविताना तसलेच भिंग प्रक्षेपकाला लावले की दाबलेले पुन्हा पसरते. दाबणे आणि पसरवणे या दोन क्रिया जोडीनेच करायच्या असतात. एक झाली नाही, तर आमच्या गेटसभेसारखी अवस्था होते.

या भिंगाने क्लोद ओतां-लारा या तरुण दिग्दर्शकाने जॅक लंडनच्या बर्फातल्या कथेवर एक लघुपट घेतला आणि तो १९३० साली पॅरिसमध्ये दाखविला गेला. त्या वेळी बोलपटाची लाट आली होती. थिएटरवाले ध्वनियंत्रे घेण्यात गुंतले होते. रुंद चित्राकडे कोण पाहतो? वीस वर्षे भिंग पडून राहिले. मग अमेरिकेत घरोघर टेलिव्हिजन आला, थिएटरे ओस पडू लागली, तेव्हा ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सचे मुख्य स्पायरोस स्कूरास १९५२ च्या डिसेंबरात या वृद्ध शास्त्रज्ञाच्या दारी आले. एव्हाना त्याच्या मूळ पेटंटाची मुदत सरली होती. कंपनीने त्याची तयार भिंगे आणि ज्ञान विकत घेतले. १६ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात ‘द रोब’ झळकला आणि ‘सिनेमास्कोप’ हे नाव जगभर झाले. क्रेत्यांला ऑस्करचा वाटा मिळाला, हे खरे. पण जगाच्या तोंडी नाव राहिले ते कंपनीने दिलेले. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटत नाही. आपल्याकडे हे तंत्र पहिल्यांदा १९५९ साली गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’मध्ये आले, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. तो बोलपट त्या वेळी चालला नाही, हे आपण जाणताच.

आता अरुंद फितीकडे येऊ. पाथे कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची, कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची आणि १९३२ साली ८ मिलिमीटरची फीत काढली. ही शेवटची म्हणजे काटकसरीचा नमुनाच: १६ मिलिमीटर रुंदीची २५ फूट फीत आधी एका कडेने चालवायची, मग रीळ उलटून दुसऱ्या कडेने, आणि धुतल्यावर मधोमध चिरून ५० फूट करायची. एकेक चित्र हरभऱ्याच्या डाळीएवढेही नव्हते. अशा डाळीचे वरचे-खालचे काठ झाकून चित्र रुंद करू म्हटले, तर उरणार काय? म्हणून हौशी लोकांना दाबणारे भिंग परवडले. जर्मनीत म्यॉलर व इस्को, जपानमध्ये कोवा यांनी छोट्या कॅमेऱ्यांसाठी अशी जोडभिंगे काढली. दुप्पट दाबणारे लावले तर चाराला तीन हे प्रमाण आठाला तीन होते, जरा अतीच रुंद. म्हणून दीडपट दाबणारीही निघाली, त्यांत ते दोनास एक होते. तेच भिंग कॅमेऱ्यावरून काढून प्रक्षेपकावर लावायचे. एका खर्चात दोन कामे.

त्याचे लाडही पुष्कळ पुरवावे लागत. कॅमेऱ्याचे भिंग आणि जोडभिंग या दोहोंचे अंतर वेगवेगळे जुळवायचे, तेही बहुधा टेपने मोजून. जोडभिंग तसूभर तिरके बसले की उभी माणसे कलंडतात. फार जवळून चेहरा घेतला तर गाल फुगतात. हॉलिवूडमध्येही या दोषाला ‘गालगुंड’च म्हणत.

दुसरी वस्तू ध्रुवण गाळणीची. तिची कथा १८०८ सालची. मालुस हा नेपोलियनच्या सैन्यातला अभियंता पॅरिसमध्ये आपल्या घरातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचे मावळतीचे ऊन एका स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवताच ते ऊन कमीजास्त होऊ लागले. काचेवरून वा पाण्यावरून परतलेल्या प्रकाशाची कंपने बव्हंशी एकाच दिशेत होतात. त्या दिशेला आडवा असा अडसर घातला की चकाकी मरते. आपल्या रामन यांनी हेच केले. १९२१ साली विलायतेहून परतताना ‘नारकुंडा’ बोटीवर खिशातल्या निकल लोलकातून त्यांनी समुद्र पाहिला, पृष्ठावरचे आकाशाचे प्रतिबिंब विझवले, तरी निळाई उरलीच. तेव्हा समुद्र केवळ आकाशामुळे निळा नाही, हे त्यांनी जे टिपण लिहून कळविले, त्यावर मुंबई बंदराचा पत्ता आहे.

परंतु लोलक इवलासा आणि महाग. १८५२ साली ब्रिस्टलच्या हेरापाथ नावाच्या डॉक्टरने क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन पडल्यावर बनलेले हिरवे स्फटिक पाहिले. तेही प्रकाश तसाच अडवीत. मोठा स्फटिक मात्र कुणाला वाढवता येईना. एडविन लँड या तरुणाने हार्वर्ड अर्धवट सोडले, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचले (येथे आमची छाती थोडी फुगते) आणि निराळाच विचार केला: मोठा एक कशाला, लहान असंख्य घ्या आणि सर्वांची तोंडे एका दिशेला करा. हे तर युनियनचेच तत्त्व! त्याने १९२९ साली पेटंटाचा अर्ज केला आणि १९३७ साली पोलरॉइड कंपनी निघाली. मोटारींच्या दिव्यांचा डोळ्यांवर येणारा झोत थांबावा, ही त्याची मूळ इच्छा मोटारवाल्यांनी मनावर घेतली नाही. गाळणी गेली ती चष्म्यांत आणि कॅमेऱ्यांवर.

दाबणारे भिंग आणि ही गाळणी एकत्र आली की भांडण सुरू होते. गाळणी फिरवावी लागते आणि भिंग मुळीच फिरता कामा नये. पुढे घट्ट बसलेली गाळणी वळवताना भिंगही वळले, तर सगळी सभा वाकडी. गाळणी दीड-दोन घरे प्रकाश खाते, म्हणून मंद फितीला कडक ऊन हवे. आकाश सर्वांत गडद होते ते सूर्यापासून काटकोनात. रुंद चित्रात आकाशाचा एवढा पट्टा मावतो की एक बाजू काळीनिळी आणि दुसरी फिकट दिसते. अर्धपारदर्शक लोलकातून नजर देणाऱ्या कॅमेऱ्यांत डोळ्याला आणि फितीला मिळणारा प्रकाश सारखा राहत नाही, कारण असा लोलकही एका दिशेची कंपने अधिक परतवतो. साध्या कॅमेऱ्याचा मालक गाळणी आधी डोळ्याशी धरून फिरवी, खूण लक्षात ठेवी आणि तशीच बसवी. धातूची चकाकी मात्र तिला जुमानत नाही.

आमच्या फिटरला हे सारे ठाऊक असले पाहिजे. तिसऱ्या रिळात कारखान्याच्या कचेरीची काच बाजूने घेतली आहे. आधी तिच्यात नुसते आकाश व झेंडे. मग त्याने चित्रण चालू असतानाच गाळणी फिरवलेली दिसते. आकाश विरते आणि काचेमागे उभे राहून खाली पाहणारे चार कारकून दिसू लागतात. ते सभेला आले नव्हते, एवढेच आम्हांला आजवर माहीत होते.

ही रिळे आता आम्ही संगणकावर उतरवून घेतली. चित्र किती पसरायचे हे यंत्राला सांगावे लागते आणि भिंगावरचा आकडा तर झिजून गेला होता. गेटावरचे घड्याळ उपयोगी पडले. फितीत ते अंड्यासारखे उभट होते. मोजले तेव्हा उंची रुंदीच्या दीडपट भरली. घड्याळ गोल होईपर्यंत चित्र ताणले, तेव्हा काट्यांवरून वेळ वाचता आली: साडेतीनला पाच कमी, दुपारची पाळी सुटायच्या आधीची.