दोन तासांचा रस्ता कोण देणार? सायकल शर्यतीची एक जुनी गोष्ट

पावसाळा संपला, दिवाळी झाली की आपल्याकडे सायकलवाल्यांचा हंगाम सुरू होतो. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, मग डोंगरी आणि पुढे उत्तन, गोराई. रविवारी सकाळी साडेपाचपासून या रस्त्यावर हेल्मेटवाली मंडळी दिसायला लागतात. डावीकडे-उजवीकडे मिठागरं, पुढे डोंगरीचा चढ, मग समुद्राचा वारा. मुंबईच्या इतक्या जवळ असा रस्ता दुसरा सापडणं कठीण.

आणि दरवर्षी याच सुमारास गावच्या ग्रुपवर तेच भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, "हे शहरातले लोक येऊन आमचा रस्ता अडवतात." दुसरी म्हणते, "आम्ही काय गाडी चालवतोय का? धूर नाही, आवाज नाही." यंदा त्यात नवीन मुद्दा आला: आपल्या भागात हौशी सायकलपटूंची एखादी रीतसर शर्यत का होऊ नये? लगेच उत्तर आलं, "मग मासळीचे टेम्पो काय उडत जाणार?"

प्रश्न बरोबर आहे. पण तो आपल्या गावात पहिल्यांदा विचारला गेलेला नाही. सायकल शर्यतीचा दीडशे वर्षांचा इतिहास बघितला तर पायात किती दम आहे यापेक्षा रस्ता कोण देतो, यावरच जास्त घडामोडी झालेल्या दिसतात. तोच इतिहास आज थोडा सांगतो.

शर्यती वर्तमानपत्रांनी सुरू केल्या

आमच्या धंद्यातल्या लोकांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. 7 नोव्हेंबर 1869 रोजी पॅरिस ते रुआँ अशी 123 किलोमीटरची शर्यत झाली. गावागावाला जोडणाऱ्या रस्त्यावरची ही पहिली मोठी शर्यत, आणि ती भरवली होती सायकलविषयीच्या एका नियतकालिकाने. शंभरावर लोक निघाले. त्यात बायकाही होत्या. जिंकला जेम्स मूर नावाचा इंग्रज. त्याला साडेदहा तासांपेक्षा जास्त लागले. लोखंडी-लाकडी सायकल, पेडल थेट पुढच्या चाकाला, चेन नाही, आणि हवेचे टायर तर अजून यायचेच होते. आजचा आपला दूधवाला कॅरिअरला कॅन लावूनसुद्धा त्याला मागे टाकेल.

पुढे 1903 साली 'लोतो' नावाच्या खेळाच्या दैनिकाचा खप वाढत नव्हता. तिथल्या एका तरुण बातमीदाराने संपादकाला सुचवलं, आख्ख्या फ्रान्सला फेरी मारणारी शर्यत काढू. तीच टूर द फ्रान्स. पहिल्या वर्षी 60 जण निघाले, 2,428 किलोमीटर, सहा टप्पे, आणि शेवटपर्यंत पोचले फक्त 21. पहिला आलेला मॉरिस गारँ लहानपणी धुराडी साफ करायचा. कागद पिवळा होता म्हणून पुढे आघाडीवाल्याचा सदराही पिवळा झाला. इटलीतल्या शर्यतीचा गुलाबी सदराही तिथल्या दैनिकाच्या गुलाबी कागदावरून आला.

आता मुद्दा बघा. वर्तमानपत्राने शर्यत काढली म्हणजे काय केलं? महिनाभर आधीपासून गावागावात सांगितलं: अमुक दिवशी, अमुक वाजता, तुमच्या दारावरून जाणार. लोकांना ती आपल्या गावची जत्रा वाटली. त्यांनी रस्ता आनंदाने सोडला, वर पाणी घेऊन उभे राहिले.

आणि जिथे कुणी सांगितलं नाही तिथे

याच्या उलट गोष्ट इंग्लंडची. 1894 साली लंडनच्या उत्तरेकडच्या एका शर्यतीत सायकलवाल्यांचा घोळका समोरून येणाऱ्या घोडागाडीपाशी आला. घोडा बुजला, गोंधळ झाला, माणसं पडली. तक्रारी झाल्या. एकूणच लोकांना वाटायचं, ही कोण पोरं आमच्या रस्त्यावर माजलीत? त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेने घाबरून त्या दशकात रस्त्यावरच्या शर्यतींवर बंदी घातली. सरकारने नाही, स्वतःच्या संघटनेने.

मग हौशी लोकांनी काय केलं? चोरून शर्यती केल्या. फ्रेडरिक बिडलेक हा त्यातला पुढारी. त्याने 1895 मध्ये एकेकाला वेगवेगळ्या वेळी सोडून घड्याळाशी स्पर्धा करायची पद्धत आणली. पहाटे, आडरस्त्याला, अंगभर काळे कपडे घालून, मार्गाचं नावसुद्धा सांकेतिक भाषेत. पोलिसाने विचारलं तर "फिरायला चाललोय." असं पन्नास वर्षं चाललं.

हे मोडलं 1942 साली. पर्सी स्टॅलर्ड नावाच्या माणसाने ऐन महायुद्धात, 7 जून रोजी, लँगोलन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी उघड्या रस्त्यावरची शर्यत काढली. जेमतेम 40 स्पर्धक. पण त्याने एक शहाणपणाचं काम केलं. वाटेतल्या पोलीस अधिकाऱ्यांना आधी भेटला, त्यांची संमती घेतली. स्थानिक वर्तमानपत्राला सोबत घेतलं आणि जमलेला पैसा सैनिकांच्या निधीला दिला. शेवटच्या ठिकाणी हजारावर लोक बघायला आले. पोलीस खूश, लोक खूश, संघटनेने मात्र त्याला बाहेर काढलं. त्याने नवी संघटना उभी केली. शेवटी 1959 मध्ये दोन्ही बाजू एक झाल्या आणि 1960 साली तिथे रस्त्यावरच्या सायकल शर्यतींचे सरकारी नियम आले.

आपली पोरं कुठे होती?

आपल्याकडे सायकलचा नाद आधी मुंबईच्या पारशी तरुणांना लागला. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पूर्ण करून 1928 मध्ये परत आले. 70 हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. वाळवंट, जंगल, बर्फ, सगळं सायकलवर.

स्पर्धेच्या बाजूने जानकी दास 1938 साली सिडनीच्या एम्पायर गेम्सला गेले. तेच पुढे हिंदी सिनेमात चरित्र अभिनेते म्हणून दिसले. आणि 1946 मध्ये राष्ट्रीय सायकल संघटना उभी करण्यात मुंबईच्या सोहराब भूत यांचा मोठा वाटा होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच ऑलिम्पिकला, 1948 ला लंडनमध्ये, आपला सायकल संघ गेला. रोहिंटन नोबल, एरच मिस्त्री, जहांगू अमीन, होमी पवरी, अशी नावं. आणि गंमत बघा, त्या ऑलिम्पिकची रस्ता शर्यत उघड्या रस्त्यावर झालीच नाही. ती झाली विंडसरच्या राजेशाही बागेत, आतल्या आत फेऱ्या मारत.

महाराष्ट्रात मात्र शर्यत रस्त्यावर आली ती मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे. देशातल्या जुन्या शर्यतींपैकी ही एक. सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये बोरघाट. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत दहाएक किलोमीटरमध्ये पाचशे मीटरच्या आसपास चढायचं. हा घाट गाडीरस्ता म्हणून 1830 साली खुला झाला. तिथे सगळ्यात आधी वर पोचणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. कित्येकांना शर्यत कोण जिंकला हे आठवत नाही, पण घाटाचा राजा कोण झाला हे आठवतं. कारण माणसं घाटात उभी असायची. खाली खोपोलीपासून वरपर्यंत, पाण्याच्या बाटल्या, लिंबू, आरडाओरडा.

ही शर्यत अनेकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. पैसा हे एक कारण असेलच. पण रस्ता हेही मोठं कारण. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, त्यावर सायकलला बंदी. जुना रस्ता राहिला, पण त्यावरही ट्रक, रिसॉर्टच्या गाड्या, वीकेंडची गर्दी. ज्या रस्त्यावर राजे ठरायचे, त्या रस्त्यावर दोन तास मागणं अवघड होत गेलं.

आणि आता यंदाच्या जानेवारीत, 19 ते 23 तारखांना, पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची, 437 किलोमीटरची. परदेशी संघ आले. मार्गावरचे रस्ते नव्याने डांबरी झाले, काही तास वाहतूक बंद राहिली. कुणी कौतुक केलं, कुणी शिव्या घातल्या. पण एक सिद्ध झालं: सरकारने मनात आणलं तर रस्ता मिळतो. प्रश्न हौशी माणसाचा आहे. त्याच्यासाठी कोण मनात आणणार?

हौशी माणूस म्हणजे कोण

मी स्वतः चाळिशी पार केलेला, बातम्यांच्या मागे फिरून पोट सुटलेला माणूस. गेल्या हंगामातल्या पहिल्या शर्यतीला गेलो होतो, पुण्याकडच्या एका गावात, 40 किलोमीटरच्या गटात. सायकल टेम्पोत टाकून आदल्या रात्री निघालो. पाठीवर चार सेफ्टी पिनांनी नंबर लावला. शेजारी एक बँकेतला माणूस, एक शिक्षिका, एक जिमवाला, आणि साध्या सायकलवर आलेला एक दूध टाकणारा पोरगा.

पहिले पाच किलोमीटर मला वाटलं आपण उडतोय. तसं नसतं. घोळक्यात दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की वारा तो खातो आणि तुमची पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी ताकद वाचते. एकदा का चाकाचं अंतर सुटलं, दोन सायकली एवढं जरी, की तो वारा तुमचा. मग घोळका समोर दिसत राहतो पण हाती लागत नाही. सरावात हे कळत नाही, कारण सरावात आपण एकटे नाहीतर दोघं-तिघं असतो. म्हणून हंगामाची पहिली शर्यत सगळ्यांना जमिनीवर आणते. दूधवाला पोरगा मात्र शेवटपर्यंत पुढच्या दहात टिकला. रोज सकाळी 40 लिटर घेऊन चढ चढणाऱ्याला चढ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

मला लागलेली गोष्ट वेगळी. तिथे मला आपल्याच भागातली चार पोरं भेटली. वर्षभर डोंगरी-उत्तनच्या रस्त्यावर घाम गाळतात आणि शर्यतीसाठी दीडशे किलोमीटर लांब जातात. भाडं, राहणं, नोंदणीची फी. ज्याच्याकडे पैसे तो जातो. आपल्या कोळीवाड्यातला, आगरी पाड्यातला, वाडीतला पोरगा जात नाही.

मग आपल्याकडे काय करायचं

मोटार वाहन कायद्यातलं 189 वं कलम रस्त्यावरच्या शर्यतींबद्दल बोलतं, पण ते मोटार वाहनांसाठी आहे. सायकल त्यात येत नाही. म्हणून सायकल शर्यतीचा सगळा भार पोलिसांच्या वाहतूक परवानगीवर. आपल्याकडे 2020 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, महापालिका 2002 पासून आहे. दारं ठोठवायला लांब जायला नको.

पण माझं म्हणणं, त्यांच्याकडे जायच्या आधी गावात जा. स्टॅलर्ड आधी पोलिसांना भेटला, फ्रेंच वर्तमानपत्रं आधी गावांत बोलली. इथे कोण कोण आहे? उत्तन, पाली, चौकच्या बंदरावर मासळी उतरते, तिचे टेम्पो सकाळी निघतात. बाजाराला जाणाऱ्या मावश्यांना परिवहनची बस हवी. रविवारी चर्चमध्ये मिस्सा असते. धावगीकडे कचऱ्याच्या गाड्या जातात. आजारी माणसाची रुग्णवाहिका कधीही लागते. यातल्या एकालाही न विचारता रस्ता मागितला तर 1894 सालच्या त्या घोड्यासारखं सगळं गाव बुजणार, आणि त्यात चूक गावाची नसेल.

विचारून केलं तर? मिस्सेची आणि टेम्पोची वेळ टाळून दोन तास. रुग्णवाहिकेला एक बाजू कायम मोकळी. आणि एक गट फक्त साध्या सायकलींचा, आपल्या वॉर्डातल्या मुलामुलींचा, फी न घेता. जो चढ पहिला चढेल त्याला बक्षीस गावाने द्यायचं, बंदरावरच्या सोसायटीने, मंडळाने, पॅरिशने, कुणीही. बोरघाटाला घाटाचा राजा आहे, मग डोंगरीच्या चढाला एखादी राणी का नको?

रस्ता कुणाच्या बापाचा नसतो, सायकलवाल्यांच्याही नाही आणि गाडीवाल्यांच्याही नाही. गाव तो दोन तासांसाठी उसना देतं. आणि उसनं माणूस ओळखीच्यालाच देतो.

तुमच्या घरात कुणी आजोबा, काका जुन्या मुंबई-पुणे शर्यतीत उतरले असतील, किंवा घाटात उभं राहून पाणी दिलं असेल, तर त्यांना जरूर विचारा आणि लिहून ठेवा. ही माणसं आता थोडी राहिलीत.